पागेकाकांचा उजवा हात

पागेकाका कोणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे नाही, वर बघायचे. छताकडे. बल्ब जळतोय का? नाही ना? मग मान खाली, "काय गं कुंदा, कशी आहेस?" सच्ची सांगते, माझी मावशी वारली तेव्हा समाचाराला आले, तर दारातच आधी मान वर. मग आईसमोर बसले, डोळे पुसले, खरंच पुसले, आणि हळूच म्हणाले, "वहिनी, दुःख तर आहेच हो. पण दुपारचे तीन वाजलेत. आत बत्ती कशाला?" आई रडता रडता हसली. तेव्हापासून घरात कोणी लाइट विसरलं की आम्ही एकमेकांना म्हणायचो, "दुःख तर आहेच हो!"

आता आम्ही भोपाळला आलोय. राजधानी इकडे आली, तिच्यामागून बाबांचं ऑफिस आलं, ऑफिसच्या मागून आम्ही. सरकारी क्वार्टर आहे, खोलीखोलीत बटन, कोणी विचारणारं नाही. आणि तरी दिवसा कुठे बल्ब बंद होताना "खट्" आवाज आला ना, की मी धावत जाऊन बटन परत दाबते. इथल्या मैत्रिणी हसतात. त्यांना काय माहीत? म्हणून सगळं सांगून टाकते. घाईघाईत सांगेन, पण ऐका.

इंदूरला आम्ही एका बाखळीत राहायचो. बाखळ म्हणजे एकाच तोंडाची गल्ली, आत गेलं की पुढे भिंत. तिथे सेठजींचं दुमजली मकान. खाली पुढे सेठजी स्वतः, खाली मागे गिरधारी भिया, म्हणजे भैया, चणे-फुटाणे भाजून विकणारे. वर दोन बिऱ्हाडं, आम्ही आणि पागे. आमच्या दोघांच्या पुढच्या खोल्यांमधल्या भिंतीत उंचावर एक चौकोनी भोक होतं आणि त्या भोकात एक बल्ब. एकच! अर्धा उजेड त्यांच्याकडे, अर्धा आमच्याकडे. आयडिया काकांचीच. बटन त्यांच्या बाजूला, म्हणजे आमच्या घरात दिवस कधी संपायचा हेही काकाच ठरवायचे. मी पुस्तक वाचतेय, गोष्ट एकदम रंगात आलीय, आणि पलीकडून आवाज, "कुंदा, पान पूर्ण कर, बंद करून राहिलोय!"

काका मिलमध्ये हजेरीबाबू होते. बारीक अंगकाठी, बंद गळ्याचा काळा कोट, उन्हाळ्यातसुद्धा तोच. आजोबा संस्थानच्या पागेवर होते म्हणे, शंभर घोडे हाताखाली. "घोडे गेले, पागा गेली, आडनाव राहिलं, त्याला चारा लागत नाही," असं स्वतःच म्हणायचे. छत्री, पिशवी, काय असेल ते नेहमी डाव्या हातात. उजवा मोकळा. बटनासाठी.

कोटाला इस्त्री म्हणजे तो रात्रभर गादीखाली. पेपर वाचायचा तर बाखळीच्या तोंडाशी म्युनिसिपालटीच्या खांबाखाली, घरून स्टूल नेऊन. थंडीत कानाला मफलर बांधून तिथे बसलेले असायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बातम्या मोठ्यांदा वाचून दाखवायचे, म्हणजे तेवढाच उजेड चार जणांच्या कामी. पाहुणे आले की गप्पा अंधारात. एकदा त्यांच्या साडूंनी विचारलं, "अहो, तोंड तरी दिसू द्या." तर काका म्हणाले, "गप्पा काय डोळ्यांनी मारायच्या असतात?"

पण दिवेलागणीला मात्र कंजुषी नाही. त्या वेळी घर काळं ठेवायचं नाही म्हणजे नाही. काका स्वतः बटन दाबायचे, बल्ब लागला की सगळ्यांनी बल्बला हात जोडायचे. भोकातून उजेड आमच्याकडे आला की आम्हीही जोडायचो. आणि पहाटे मिलचा पहिला भोंगा झाला की काकांचं दुसरं काम. उठायचं, तळहात बघायचे, पितळी तांब्या उचलायचा, आणि नळावर जाता जाता उजवा हात वर. खट्. मग पुन्हा नमस्कार. दिवा आधीच बंद असला तरी बटन बंदच्या बाजूला एकदा दाबून बघायचे. भोंगा, तांब्या, खट्. मी रोज झोपेत ऐकायचे. तो आवाज झाला की कूस बदलायची.

मग विजेचा भाव वाढला. लोकांनी कुरकुर केली आणि गप्प बसले. परत वाढला. आमच्या मकानाला मीटर एकच, जिन्याखाली, सेठजींच्या नावाचं. आलेलं बिल बल्बांवर वाटलं जायचं. दुसऱ्यांदा भाव वाढला तेव्हा सेठजी चौकात उभे राहून असे ओरडले, बाप रे! "लाइन ही कटवा देता हूँ! बाप-दादे चिमनी में जिए कि नहीं? अगला बिल इससे एक पैसा ऊपर आया तो तार निकलवा दूँगा, सबका!"

तेव्हा पुढे कोण झालं? आमचे काका. म्हणाले, "सेठजी, कायदा बनाते हैं." कायदा असा: दिवे फक्त दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत. दिवसा कोणाकडे दिवा दिसला तर त्याच्या घराचा फ्यूज काढायचा, तो पुढचं बिल येईपर्यंत परत नाही. आणि काढणार कोण? "मी काढतो," काका म्हणाले. अगदी आनंदाने. लग्नात मान मिळाल्यासारखे.

पहिला फ्यूज निघाला गिरधारी भियांचा. त्यांच्या मागच्या खोलीला खिडकी नाही, भर दुपारी हात दिसत नाही तिथे. चणे निवडायला दिवा लावला होता बिचाऱ्यांनी. काका गेले, जिन्याखालच्या बोर्डावरून तो पांढरा चिनी मातीचा तुकडा उपटला आणि कोटाच्या खिशात टाकला.

"पागेजी, अंधेरे में कंकर कैसे बीनूँ?" भिया म्हणाले. "गिराक का दाँत टूटेगा तो आप दोगे?"

"कायदा म्हणजे कायदा," काका म्हणाले. "मेरे घर में जले, तो मेरा भी निकालना."

"निकालूँगा," भिया म्हणाले. "याद रखना."

त्यानंतर काका चालायला लागले की खिशात तो फ्यूज कोटाच्या बटनाला लागून टिक् टिक् वाजायचा. भिया तो आवाज ऐकून भट्टीत थुंकायचे.

आणि त्याच पौषात विमलताई आली. काकांची एकुलती एक मुलगी, सासर महूला. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच, हे काय सांगायला पाहिजे? काकूंनी डिंक आणून ठेवला होता, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. अजून खूप अवकाश होता. पण आली त्याच आठवड्यात तिच्या पोटात दुखायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी बाळ बाहेर. सातव्यातच. मुलगी. मी बघितली ना, मला तर कळेचना काय बघतेय. उंदराच्या पिल्लासारखी लाल, बोटं काडेपेटीतल्या काड्यांएवढी, रडायलासुद्धा ताकद नाही.

इस्पितळातून सिस्टर आली. तिने बाळ हातात घेतलं, बाहेरची थंडी बघितली, आणि चहाचं रिकामं खोकं मागितलं. खोक्यात कापूस भरला, एका कोपऱ्यात बल्ब लटकवायला लावला, बल्बवर काकूंची पिठाची चाळणी उपडी, म्हणजे चटका नको. काकूंनी विचारलं, शेगडी ठेवू का? "धुएँ से मर जाएगी," सिस्टर म्हणाली. "बल्ब. दिन-रात. बुझना नहीं चाहिए, समझे? एक महीना निकल गया तो बच जाएगी."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं.

काका स्टुलावर चढले आणि भिंतीच्या भोकातला बल्ब तारेसकट खाली ओढला. आमच्या पुढच्या खोलीत अंधार झाला. भोकातून त्यांचा चेहरा दिसला, म्हणाले, "वहिनी, तुमच्या अर्ध्या उजेडाचं काय करू?" आई म्हणाली, "अहो, बाळाकडे बघा! आमच्याकडे कंदील आहे."

तर आता झालं असं. बल्ब दिवसरात्र जळणार, म्हणजे बिल वाढणार. बिल वाढलं की सेठजी तार कापणार. तार कापली की खोकं गार. आणि कायदा काकांचाच! मला वाटलं, सेठजींना सरळ सांगावं. काकांनीही तसंच केलं, गेले खाली. सेठजी गादीवर बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बच्ची जिए, भगवान से यही माँगता हूँ. पर बिल की बात बिल की. मैंने सबके सामने बोला है." काकांनी टोपी काढून हातात धरली, परत डोक्यावर ठेवली, परत काढली. मग म्हणाले, "बिल नहीं बढ़ेगा."

"कैसे नहीं बढ़ेगा?"

"नहीं बढ़ेगा," काका म्हणाले आणि वर आले.

जिन्यात बसले. मी पाणी द्यायला गेले, तर तांब्या बाजूला सरकवला त्यांनी. "कुंदा, मी आयुष्यभर लोकांच्या बत्त्या विझवल्या गं," म्हणाले. "आता एक लावायची तर कोणाची विझवू?"

आमच्याकडे मागायलाच लागलं नाही. आईने स्वयंपाकघरातला बल्बही काढून पदराने पुसून ठेवून दिला. काकूंनी त्यांचा काढला. राहिले गिरधारी भिया. त्यांच्याकडे काय मागणार? त्यांच्याकडे अंधारच होता, काकांच्या खिशातला.

पण भिया स्वतःच आले. दुपारी बाखळीतून वर बघितलं, खिडकीत पिवळा उजेड. धाड धाड जिना चढले, दारात उभे. हात भट्टीच्या राखेने पांढरे.

"पागेजी! दिन में बत्ती! निकालो अब अपना फ्यूज."

काका उठले. खिशातून भियांचा फ्यूज काढून त्यांच्यासमोर धरला, आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरून त्यांना खोक्यापाशी नेलं. भिया वाकले. किती वेळ वाकलेलेच.

"इत्ती-सी?" म्हणाले.

मग सरळ झाले. काकांच्या हातातला फ्यूज घेतला आणि परत काकांच्याच खिशात सरकवला. "रहने दो अभी. मीटर कम घूमेगा. मैं दिन में दरवज्जे पे बैठ के बीन लूँगा." आणि जिना उतरता उतरता ओरडले, "पर भूला नहीं हूँ मैं, हाँ!"

पुढचे दिवस कसे गेले, देवाला माहीत. सगळं मकान काळं आणि त्यात एक खोकं पेटलेलं. दिवेलागणीला आम्ही सगळे त्या खोक्यासमोर जाऊन हात जोडायचो, आईसुद्धा. जावई रविवारी महूहून यायचे, खोक्यात बघायचे, विमलताईकडे बघायचे आणि संध्याकाळच्या गाडीने गुपचूप परत जायचे. काका मिलमधून आले की जिन्याखाली मीटरसमोर. पूर्वी त्या मीटरची चकती फिरताना दिसली की त्यांच्या छातीत दुखायचं, खरंच छाती धरायचे. आता उलटं! चकती फिरतेय म्हणजे वर बल्ब जळतोय, म्हणजे पोरगी आहे. ती जरा थांबल्यासारखी वाटली की धावत वर. "जळतोय ना? जळतोय ना?" काकू म्हणायच्या, "अहो, जळतोय! जेवा दोन घास." रात्री झोपत नव्हते. फिलामेंट तुटलं तर? म्हणून उशाशी दुसरा बल्ब, फडक्यात गुंडाळून, अंड्यासारखा.

आणि मग ती पहाट.

विमलताई कितीतरी दिवसांनी झोपली होती. काकू भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपल्या. काका राखणीला होते, पण शेवटी माणूसच ना, डोळा लागला. आणि भोंगा झाला.

मी पलीकडे अर्धवट झोपेत होते. ऐकलं सगळं. खाट वाजली. तांब्या वाजला. खट्. मी कूस बदलली. रोजचंच होतं ना ते! इतक्या वर्षांचा आवाज, त्यात काही चुकलंय असं कानाला कळलंच नाही. काकांना तरी कुठे कळलं? ते तर हात जोडून नळावर निघूनही गेले.

आई चूल पेटवायला उठली आणि तिने वर बघितलं. रोज भोकातून जरासा पिवळेपणा आमच्या छतावर यायचा. आज नव्हता.

"पागेवहिनी!" आई इतक्या जोरात ओरडली की मी ताडकन उठून बसले. "पागेवहिनी, भोक काळं का?"

मग काकूंची किंकाळी. आम्ही धावलो. खोकं गार. बाळ गार, पहाटेच्या पितळी भांड्यासारखं. ओठ निळे. काकूंनी बटन दाबलं, उजेड झाला, पण उजेडात ते जास्तच निळं दिसलं. तेवढ्यात काका भरलेला तांब्या घेऊन दारात आले. त्यांनी खोक्याकडे बघितलं, बटनाकडे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. तांब्या पडला, पाणी सगळ्या खोलीत.

विमलताई एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही?"

काकांनी कोट उघडला, सदरा वर केला, आणि बाळाला उघड्या छातीवर धरून वरून कोट बंद केला. भिंतीला पाठ लावून बसले. आई खिडकीतून ओरडली, "भिया! रेती! गरम रेती!" भियांची भट्टी तेव्हाच पेटते, चणे भाजायची रेती तापलेली असते. पोत्याच्या फडक्यात रेती बांधून दोन गाठोडी घेऊन वर आले, अनवाणी. आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे, मग काकांच्या कोटावर, बाळाच्या पाठीशी. एक गार झालं की खाली पळायचे, दुसरं आणायचे. "रगड़ो मत, बस पकड़ के रखो," काकांना सांगत होते. "पागेजी, साँस लो. आप लोगे तो वो लेगी."

काका घामाने भिजले, हलले नाहीत. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव. जवळ गेले तर म्हणत होते, "घे ना गं. घे ना गं. सगळी ऊब घे. जाळ, जाळ, किती पाहिजे तेवढी."

दुसरा भोंगाही होऊन गेला. काकांची हजेरी त्या दिवशी कोण घेणार होतं, कोणी विचारलं नाही. समोरच्या भिंतीवरून ऊन खिडकीत आलं, आणि कोटाच्या आतून आवाज आला. मांजराच्या पिल्लाचा असतो ना, त्याच्याही अर्धा. विमलताईने कोटात हात घातला आणि मोठ्यांदा रडली. भिया दारातच मटकन बसले.

त्या संध्याकाळी काका काकूंना म्हणाले, "माझा हात बांध."

"अहो, वेड लागलं का?"

"मला डोक्याचा भरवसा आहे," काका म्हणाले, "हाताचा नाही. बांध."

आणि काकूंनी बांधला हो! परकराची जुनी नाडी घेतली आणि उजवं मनगट खाटेच्या पायाला बांधून टाकलं. रोज रात्री. रोज पहाटे भोंगा झाला की आम्हाला पलीकडून खाट कुरकुरलेली ऐकू यायची. हात ओढत असायचा. मी कानावर उशी घ्यायचे. विमलताई त्यांच्याशी बोलत नव्हती. पाणी मागितलं तर द्यायची, बस.

बिल आलं. मागच्याइतकंच! आमचे सगळ्यांचे अंधार त्या एका बल्बात जाऊन बसले होते. सेठजी खूश. "देखा पागेजी? कायदे से रहो तो सब होता है." काकांनी हात जोडले. मग जिन्याखाली जाऊन भियांचा फ्यूज स्वतः बसवला आणि भियांना म्हणाले, "आता लावा हो. दिवसासुद्धा लावा. कोणी काही बोललं तर मला सांगा."

"अब क्या लगाऊँ," भिया म्हणाले. "मैंने दीवार में छेद कर लिया. आप ही से सीखा." आणि दोघंही असे हसले की सेठजी बाहेर आले बघायला, आणि मग त्यांना ते भिंतीतलं भोक दिसलं, पण ती भांडणं वेगळी.

थंडी ओसरली तेव्हा सिस्टरने बाळाला खोक्यातून बाहेर काढायला सांगितलं. त्या रात्री काकांनी नेहमीसारखा हात पुढे केला, तर काकूंच्या आधी विमलताई आली. नाडी उचलली, गुंडाळली आणि चुलीत टाकली. "झोपा आता," म्हणाली. एवढंच. काका भिंतीकडे तोंड करून झोपले.

नाव ठेवायच्या वेळी कोणी म्हणालं ज्योती ठेवा, कोणी म्हणालं प्रभा. काकांनी हात जोडले, "नको. नावात तरी मीटर नको." मीरा ठेवलं. म्हणायचे सगळे चिंगी.

बल्ब परत भोकात गेला, अर्धा उजेड आमच्याकडे आला. पण काकांनी त्यानंतर कुठल्याच बटनाला हात लावला नाही. दिवेलागण झाली की बटनाजवळ उभे राहायचे आणि काकूंना हाक मारायचे. पहाटे उठले की आधी उजवा हात कोटाच्या खिशात, मग डाव्या हाताने तांब्या. कोणाच्या घरी गेले तर वर बघायचेच नाहीत. मान खाली घालून शिरायचे. मला ते बघवायचं नाही, सच्ची.

आम्ही इंदूर सोडलं ती दिवाळी होती. चिंगी आता चांगली पळायला लागलेली, आईबरोबर महूहून आजोळी आलेली. त्याच सुमारास विजेचा भाव अजून एकदा वाढला होता आणि सेठजी पुन्हा चौकात ओरडून गेले होते. खाली टांगा उभा, सामान चढलेलं, बाबा घाई करत होते. मी निरोप घ्यायला पलीकडे धावले.

चिंगी स्टुलावर उभी होती, काकांच्या त्याच पेपर वाचायच्या स्टुलावर. तिला बटन सापडलं होतं. खट्, बल्ब लागला. समोर काका उभे, कोट घालून. त्यांनी बल्बला हात जोडले. खट्, बंद. तिने परत दाबलं. खट्, लागला. काकांनी परत हात जोडले. सकाळचे नऊ वाजले होते, खिडकीतून ढीगभर ऊन आत येत होतं.

"अहो, मीटर!" काकू आतून ओरडल्या.

"काका, निघते हं," मी म्हटलं.

"थांब जरा, कुंदा," ते मागे न बघता म्हणाले. "तिचं होऊ दे."

खट्. खट्. प्रत्येक वेळी दोन्ही हात छातीशी. खालून बाबांनी तिसऱ्यांदा हाक मारली आणि मी तशीच उतरले. टांगा बाखळीच्या तोंडाशी वळला तेव्हा मी मागे बघितलं. वरच्या खिडकीत बल्ब जळत होता.